झाकण लावून काढलेला फोटो

यात पदरचं मी काहीही घातलेलं नाही. हे माझ्या मावसभावाच्या घरात घडलं. आणि रात्री नाही, रविवारी भरदुपारी.

हा मावसभाऊ, आमचा दादा, फोटोग्राफर आहे. स्वभाव महासंशयी. भाजीवाल्याने दोन मिरच्या जास्तीच्या घातल्या तरी हा पिशवी उलटी करून बघणार!

त्याचा जुना कॅमेरा बंद पडला. नवा घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून धंद्याला चालेल असा, वापरलेला मोठा कॅमेरा शोधत होता. एक सापडला, पण फारच स्वस्त. तिथेच त्याच्या मनात पाल चुकचुकली.

विकणारे आजोबा एकटेच राहायचे. घरात चिडीचूप.

दारात मात्र बाईच्या चपला होत्या. शेजारी लहान मुलाचे बूट... रोज पुसल्यासारखे स्वच्छ.

दादाने शटर तपासलं, बटणं दाबून पाहिली. मग लेन्सला झाकण लावून एक फोटो काढला. असा फोटो निव्वळ काळा यायला हवा. आत काही बिघाड असेल तर त्यात ठिपके चमकतात.

"झाकण लावून कशाला?" आजोबा ताडकन उठले.

"का? काही लपवताय?"

"नाही... काढा."

फोटो काळाकुट्ट. एक ठिपका नाही.

"इतका चांगला आहे, मग विकता का?"

"जवळ ठेववत नाही. धंद्याला खुशाल वापरा. घरच्यांचे फोटो मात्र काढू नका."

चोरीचा माल असणार, दादाला वाटलं. पण बिल त्यांच्याच नावाचं होतं. त्याने कॅमेरा घेतला. ती अट मात्र वहिनीला सांगितलीच नाही. ती म्हणाली असती, कुठून उचलून आणलंत हे!

घरी कॅमेरा बाहेरच्या खोलीत ठेवून त्याने तो काळा फोटो कॉम्प्युटरवर उघडला आणि उजेड वाढवत नेला. ही त्याची सवय. लपलेले दोष असेच वर येतात.

आधी नुसतं करडं दिसलं.

मग... एक बाक.

बाकावर एक बाई. शेजारी शाळेच्या गणवेशातला मुलगा. दोघं समोर बघत होती.

अहो, झाकण लावलेलं होतं!

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून...

खटक्.

"अहो, हा बिघडलाय की काय?" वहिनी ओरडली. "छकुलीचा फोटो काढला, तर नुसतं स्टूल आलंय!"

दादा धावला. त्याची लेक स्टुलावरच बसली होती. पाय हलवत, बिस्कीट खात.

कॅमेऱ्यात स्टूल होतं. त्यावर बिस्किटाचा चुरा होता. छकुली नव्हती.

त्याने झाकण लावलं. फोटो काढला. उजेड वाढवला.

बाई. मुलगा.

आणि मध्ये... छकुली. बिस्कीट हातातच.

तो फोटो मोबाइलवर घेऊन तसाच तो आजोबांकडे गेला. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं.

"घरचा काढलात ना?"

"माझी पोर आहे त्यात! पुढे काय होतं? सांगा!"

आजोबा त्या फोटोकडे बघत राहिले. बाईच्या चेहऱ्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि ते रडायला लागले.

"माझी लेक नि नातू. आजारी नव्हती हो कुणी. मी याच कॅमेऱ्याने फोटो काढले... आणि वर्षाच्या आत गेली दोघं."

"परत घ्या हा कॅमेरा!"

"घेतो की. पण तुमची पोर आत आहे. तिला इथे सोडून जाववेल तुम्हाला?"

दादा कॅमेरा घेऊन घरी परतला.

छकुली ठणठणीत आहे. शाळेत जाते, मैत्रिणींशी भांडते. दादा तिला क्षणभर नजरेआड होऊ देत नाही. रोज झाकण लावून एक फोटो काढतो. ती आत कशी आहे, ते बघायला.

काल मी त्याच्या शेजारी बसलो होतो. त्याने उजेड वाढवला. तिघं दिसली.

"परवापर्यंत ती इकडे बघायची रे," दादा म्हणाला.

आता छकुलीने मान वळवली होती. त्या बाईकडे बघून ती हसत होती.

वर्ष संपायला अजून अवकाश आहे.