कोपरा तुटलेले दिवे

दमयंतीने कापडाची घडी उलगडली आणि आनंदाचे हात आपोआप पाठीमागे गेले.

कापडात कॅमेरा होता आणि कॅमेऱ्याला आबांची लेन्स. आबा म्हणजे या दोघा भावंडांचे वडील. मोरा बंदराच्या धक्क्यावर लाँचमधून उतरणाऱ्यांचे फोटो काढून त्यांनी घर चालवलं. आनंदा नऊ वर्षांचा असताना त्याच धक्क्याच्या दगडावर ही लेन्स त्याच्या हातून पडली होती. आबा ओरडले नाहीत. त्यांनी ती कानाशी नेऊन हलवली. आत काहीतरी खुळखुळलं, आणि ते नुसतं "हं" म्हणाले. त्या 'हं'ला चाळीस वर्षं होऊन गेली, पण आनंदाने पुन्हा तिला बोट लावलं नव्हतं.

"बाय, मला चोर ठरवलीय," दमयंती कीर्ती घरतला म्हणाली.

जुन्या पनवेलात औषधांच्या दुकानावर कीर्तीची खोली होती, दारावर 'खाजगी तपास' अशी पाटी. गाडी चालवणं, पत्ते शोधणं आणि सगळ्यांच्या नंतर समजणं, ही आनंदाची कामं. आज मात्र अशील म्हणून त्याची थोरली बहीणच समोर बसली होती.

"सुरुवातीपासून सांगा, ताई."

दमयंती बाजारात मासळी विकायची. वर्षापूर्वी तिने खारघरच्या दीपेशकडून त्याचा जुना डिजिटल कॅमेरा घेतला, एक अडॅप्टर लावून त्यावर आबांची लेन्स चढवली आणि पन्नाशी उलटल्यावर फोटोग्राफी शिकायला लागली. या वेळी शहरातल्या कॅमेरा क्लबच्या स्पर्धेत तिचा फोटो पहिला आला. आज संध्याकाळी पाचला प्रदर्शन उघडणार होतं, आणि सकाळीच क्लबचा फोन आला: फोटो तुमचा नाही, तुमचं नाव काढतोय.

"बक्षीस जाऊ दे खाडीत. पन नाव माजं हाय ना? आख्ख्या बाजाराला सांगून ठेवलंय, बगायला या म्हनून."

तिने फोटोची प्रत पुढे सरकवली. होडीत बसून जाळं सोडवणारी एक म्हातारी. होडी पाण्यावर अलगद तरंगतेय, पाणी धक्क्याच्या पायऱ्यांना लागलंय, आभाळ कातरवेळेचं. मागे बंदरावरचे दिवे पुसट होऊन फुगलेले. आणि प्रत्येक दिव्याचा उजवा कोपरा खाल्लेला. उंदराने बिस्किट कुरतडावं तसा, असं आनंदाच्या मनात आलं. पण हा काय मुद्दा झाला, म्हणून त्याने तो सोडून दिला.

"कधी काढलात?"

"गेल्या महिन्यात, अष्टमीला. सांजचं भरतीचं पानी होतं."

"कॅमेरा चालू करून दाखवा बरं."

दमयंतीने पिशवीतून बॅटरी काढून आत सरकवली. पडद्यावर काहीतरी उमटलं. न बघताच तिने बटण दाबलं.

"काय विचारत होता तो?"

"द्येव जाने. बॅटरी घातली की रोज कायतरी इचारतो. मी ओके दाबून गप करते त्याला."

कीर्ती हसली. "चला, आनंदाभाऊ. गाडी काढा."

क्लबचा चिटणीस विश्वजीत सभागृहात फोटो टांगत होता. माणूस सरळ होता, फक्त घामाघूम.

"मॅडम, मला काय आनंद होतोय का? विजेत्यांच्या मूळ फाइली आम्ही तपासतोच." त्याने कागद पुढे केला. "ही बघा तारीख. एक जानेवारी २०१०. तेव्हा हा कॅमेरा दीपेशकडे होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, माझाच फोटो आहे. जुन्या कार्डात राहिला असेल."

"आणि ही वेळ? रात्री बारा वाजून सात मिनिटं?"

"घड्याळ चुकलं असेल हो. कितीतरी जण लावतच नाहीत."

"असेल," कीर्ती म्हणाली आणि तिने कागदाची घडी घातली.

दीपेश खारघरच्या एका टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर राहत होता. शोकेसमध्ये जुन्या स्पर्धांची दोन प्रशस्तिपत्रं होती. त्याने चहा विचारला, बसायला सांगितलं. याच्यावर संशय घेणं आनंदाला जडच गेलं.

"काकूंबद्दल राग नाही माझा," दीपेश म्हणाला. "पण आपलं ते आपलं. कार्डही मी कॅमेऱ्यासोबतच दिलं होतं."

"कोणत्या लेन्सने काढला होता?"

"कॅमेऱ्याबरोबर आलेलीच. जुन्या लेन्सच्या भानगडीत मी कधी पडलो नाही."

"आणि दिवस नक्की आठवतो?"

"म्हणजे काय! आदल्या रात्री थर्टी फर्स्टची पार्टी गच्चीवर. बारा वाजून गेले आणि चंद्राला ग्रहण लागलं. असं वर्ष कोण विसरेल? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा-साडेसहाला मी मोऱ्याला होतो."

आनंदाला ते खरंच वाटलं. एवढं बारकाईने खोटं कोण बोलतं? लिफ्टमधून उतरताना त्याने विचारलं, "मॅडम, आमची ताई... तिला काही गैरसमज तर झाला नसेल?"

"तुमच्या बहिणीवर शंका, आनंदाभाऊ? कोळीवाड्यात वाढलात ना?" एवढं बोलून ती गाडीत बसली.

पाचला सभागृहात सगळे जमले. दीपेशही आला. दाराशी बाजारातल्या पाच-सहा जणी नटूनथटून उभ्या होत्या. दमयंतीच्या फोटोखालची चिठ्ठी कोरी होती.

"विश्वजीत, तुम्ही म्हणालात, घड्याळ चुकलं असेल," कीर्तीने सुरुवात केली. "भर रात्री असं आभाळ नसतं, म्हणून वेळ खोटी मानलीत. मग तारीख खरी कशी?"

तिने दमयंतीला कॅमेऱ्याची बॅटरी काढून पुन्हा घालायला सांगितलं. बोट सवयीने बटणाकडे निघालं. "थांबा! आज वाचा तरी."

दमयंतीने डोळे बारीक केले. "एक... जानेवारी... दोन हजार धा. अगो बाई!"

"कॅमेऱ्याची आतली छोटी बॅटरी मेलीय. मोठी काढली की तो सगळं विसरतो आणि पुन्हा त्याच दिवसाला जातो. त्याचं रोजचं विचारणं हेच होतं: आज तारीख काय? तो दिवस दीपेशनी आठवला नाही. तो त्यांना विश्वजीतनी सांगितला, आणि त्यावर त्यांनी आठवण रचली."

"ग्रहण खरंच होतं," दीपेश म्हणाला. "शोधून बघा."

"होतंच. तिथेच फसलात. आनंदाभाऊ, चंद्रग्रहण कधी लागतं?"

"पुनवेला."

"आणि पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, सांजेला सहाला, मोऱ्याला पाणी कुठे असतं?"

आनंदाने पायांकडे पाहिलं. लहानपणीचा चिखल पायाच्या बोटांत आल्यासारखा वाटला. "सुकती! पुरी ओहोटी. होड्या गाळात आडव्या. पानी पायरीला... नाय लागायचं, मॅडम! ते अष्टमीलाच!"

दाराशी बांगड्या वाजल्या. "आमाला इचारलं असतं तर सकालीच सांगितलं असतं की!" एक जण म्हणाली.

"यावरून दीपेशचा तो दिवस खोटा ठरतो," कीर्ती म्हणाली. "फोटो दमयंतीताईंचाच, हे सांगणारी साक्षीदार वेगळी आहे. दिवे बघा. प्रत्येकाचा उजवा कोपरा तुटका. आता, ताई, मी इथे उभी राहते. मागच्या दिव्यांच्या माळेसकट माझा फोटो काढा."

कॅमेऱ्याच्या पडद्यावर कीर्ती उमटली. तिच्यामागे फुगलेले दिवे, आणि प्रत्येकाचा उजवा कोपरा खाल्लेला.

"लेन्सच्या आत प्रकाश कमीजास्त करणारी पाती असतात. हिचं एक पातं वाकलंय. ही खोड फक्त या लेन्सची, आणि ही लेन्स कायम यांच्याच घरात होती. दीपेश तर स्वतःच म्हणाले, जुनी लेन्स त्यांनी कधी लावली नाही."

दीपेश फोटोजवळ गेला. "मी दहा वर्षं मोऱ्याला गेलो, काकू. असा एक तरी निघावा म्हणून. विश्वजीतनी विचारलं, आणि वाटलं, निघालाही असेल." त्याने हात जोडले.

"परत ये," दमयंती म्हणाली. "अष्टमीला ये. पानी मी दाखवते."

विश्वजीतने पेन काढलं. "काकू, माफ करा. चिठ्ठीवर नाव, कॅमेरा, लेन्स, सगळं लिहायचंय. सांगा."

"दमयंती नाखवा, मोरा. कॅमेरा जुना. लेन्स आबांची." मग ती भावाकडे न बघता म्हणाली, "त्याच्याखाली लिव्हा. लेन्स पाडली: आनंदाने."

सगळं सभागृह हसलं. दमयंतीने लेन्स काढून त्याच्यापुढे धरली. चाळीस वर्षं पाठीमागे जाणारे हात या वेळी पुढे आले. त्याने ती कानाशी नेऊन हलवली. अजून खुळखुळत होती.

"हं," आनंदा म्हणाला.

प्रदर्शन बंद होईपर्यंत तो त्या फोटोपाशीच उभा होता, आणि येणाऱ्या प्रत्येकाला चिठ्ठीची शेवटची ओळ मोठ्याने वाचून दाखवत होता.