टिकटिक नको म्हणून

लाइट गेलीच आहे, तर ऐका. पण मधे कुणी 'मग काय झालं' करायचं नाही.

आमच्या टेलिफोन ऑफिसात एक जण होता. सगळे त्याला ठोकेमामा म्हणायचे. तेव्हा फोन फिरवून वेळ विचारता यायची, आणि ती सांगायला मशीन नव्हतं, मामा होता. भिंतीवर घड्याळ, कानाला फोन, आणि तोंडात एकच वाक्य, 'ठोका पडेल तेव्हा इतके वाजलेले असतील.' मामाला पडसं झालं की अख्ख्या गावाची वेळ शिंकायची. मामा चहाला गेला की गावात दहा मिनिटं वेळच नसायची! एक आजी तर वेळ विचारून झाली की वर विचारायच्या, "जेवलास का रे?"

मग टेप आली. आवाजासाठी नवी ऑपरेटर निवडली, विशीतली, खणखणीत आवाजाची. रेकॉर्डिंगचं मशीन एकाच दिवसापुरतं मिळालेलं. टिकटिक टेपवर येऊ नये म्हणून मामाने भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, तिचं मनगटावरचंही काढून स्वतःच्या खिशात टाकलं. तिची आई परगावी दवाखान्यात, शेवटच्या घटका मोजत होती. शेवटची बस साडेपाचची.

"मामा, किती वाजले?"

"साडेचार. पुष्कळ वेळ आहे. वाच तू."

वाजले होते सव्वापाच. शेवटची आठ-दहा वाक्यं राहिली होती हो, एवढंच. काळ तिच्या आईजवळ येऊन उभा होता, आणि वेळ मामाच्या खिशात होती.

बस चुकली. ती पोहोचली तेव्हा आईवर चादर ओढलेली होती. पुन्हा कामावर आली नाही, घड्याळही मागितलं नाही. वर्षभरात तीही गेली. तिचा आवाज मात्र वीस वर्षं गावाला बरोबर वेळ सांगत राहिला. जन्मभर खरी वेळ सांगणारा माणूस एकदाच खोटं बोलला, आणि तेही तिच्याशी. मामाला आरशात बघायची लाज वाटायची.

ती सेवा बंद होऊन बारा वर्षं झाली. मागच्या नोव्हेंबरची अकरा तारीख, मंगळवार. रात्री मामा भिंतीवरच्या घड्याळाचा सेल आणायला कोपऱ्यावर गेला. आला, सेल घातला. काटे लावायला वेळ हवी. मोबाइल आतल्या खोलीत, तिथे बायको झोपलेली. सवयीने बोटांनी घरच्या जुन्या फोनवर तोच नंबर फिरवला.

लागला.

"ठोका पडेल तेव्हा..."

तोच आवाज.

ठोका पडेना.

"मामा... किती वाजले?"

फोन ठेवता येईना.

"सव्वापाच," मामा म्हणाला. "सव्वापाच वाजले होते, बाळ. मी खोटं सांगितलं. चुकलो..."



मग... एक ठोका.

फोन बंद. आणि कपाटातून टिकटिक. तिचं घड्याळ... इतकी वर्षं बंद पडलेलं.

हे बघा. हेच ते.

काय म्हणालीस? माझ्याकडे कसं?

...

कानाला लाव आधी. चालू आहे ना?

शपथ सांगतो, पोरी, मी त्याला एकदाही किल्ली दिलेली नाही.