एक शब्द कमी

विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभागाच्या टेबलावर बसून मी लोकांना संशोधन-लेख शोधून देते. लोक येतात आणि म्हणतात, "मॅडम, या विषयावरचं सगळं द्या." सगळं म्हणे. मग मी त्यांना माझी पद्धत शिकवते. विषयातले मोजके शब्द घ्यायचे, ते एकदम शोधाला लावायचे. काहीच हाती लागलं नाही तर एक शब्द कमी करायचा. जाळं रुंद होतं, काहीतरी अडकतंच. एवढी साधी गोष्ट, पण शिकलेल्या माणसांच्या गळी उतरवताना माझ्या नाकी नऊ येतात.

त्या दुपारी वैद्यकीय महाविद्यालयातले हाताचे सर्जन आले. सभ्य माणूस, मागणी नेमकी.

"कागद कापायच्या मशीनमध्ये हात गेल्याच्या केसेस हव्यात. रुग्ण बाइंडर असेल तर उत्तम."

"कुणाचा गेलाय का?"

"अजून नाही," ते म्हणाले. "तयारी असलेली बरी."

हे 'अजून' मला खटकलं. माझा नवरा याच इमारतीच्या तळघरात बाइंडर आहे. मासिकांचे सुटे अंक शिवायचे, पुठ्ठा चढवायचा, कडा मशीनवर कापायच्या, यात त्याची हयात गेली. दहाही बोटं शाबूत आहेत हे तो पाहुण्यांना हात वर करून दाखवतो. त्याला दुसरं काही येत नाही, आणि दुसरं काही नकोही आहे.

ते गेल्यावर मी चार शब्द टाकले. बाइंडर, हात, यंत्र, अपघात. एकच लेख आला. माझ्या लग्नाच्याही आधीचा. पुरुष, वय एक्कावन्न, पुस्तकबांधणी कारागीर. पातं मनगटाच्या वर बसलं, दोन्ही हाडं एका दमात तुटली, पंजा कातडीच्या पट्टीवर लोंबत राहिला. खाली फोटो होता. उजवा पंजा, पांढरं कापड, करंगळी आत वळलेली, अंगठ्याचं नख अर्धं काळं.

वाकड्या करंगळ्या पुष्कळ असतात, मी स्वतःला दटावलं. नवराही एक्कावन्नचाच, तर एक्कावन्नचे काय थोडे आहेत? पण त्याच्या अंगठ्यावर हातोडी बसली ती गेल्या आठवड्यात. बर्फ मी धरला होता. नखाचा तो काळा डाग कसा, कुठवर पसरलाय, ते मला पाठ होतं.

मी जिना उतरून तळघरात गेले. मशीन घरघरत होतं, सरसाचा वास कोंडला होता. नवरा पात्याखाली हात घालून गठ्ठा सारखा करत होता.

"मशीन बंद कर."

"का गं, आग लागलीय कुठे?"

"बंद कर म्हणते ना."

"एवढा गठ्ठा होऊ दे. वरचे लोक माझ्या नावाने शंख करतायत."

त्याने पुन्हा हात आत घातला. मी टेबलावरची हातोडी उचलली आणि मशीनच्या बटणांच्या डब्यावर घातली. एकदा, दोनदा, डबा फुटून तारा बाहेर येईपर्यंत. ठिणग्या उडाल्या. त्याने दचकून हात काढला, आणि पातं आपल्या आपण धाडकन खाली बसलं.

तो पांढराफटक पडला. मग त्याने माझं मनगट पिरगाळून हातोडी सोडवली. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने पहिल्यांदाच माझ्यावर हात टाकला होता.

"वेड लागलंय तुला," तो म्हणाला.

वर येऊन मी तोच शोध पुन्हा लावला. शून्य. लेख नव्हताच. मी सुटकेचा निःश्वास सोडला. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण शून्य दिसलं की माझा हात आपोआप चालतो. 'यंत्र' काढलं.

एक लेख. तोच माणूस, तेच नख. आता पुठ्ठ्यावर चढवायचं कातडं तासायच्या सुरीने तळवा उभा फाटला होता, आतल्या शिरा तुटून मागे सरकल्या होत्या.

मी पुन्हा खाली पळाले. त्याच्या सगळ्या सुऱ्या बादलीत गोळा करायला लागले. तो आडवा आला. "माझी हत्यारं आहेत ती, हात लावू नकोस." झटापट झाली. त्याने एक सुरी पात्याकडून धरली, मी मुठीकडून ओढली. अशाने त्याचा तळवा फाटेल हे माझ्या लक्षात आलं आणि मी मूठ सोडली, तशी झटक्याने ती उलटून माझ्याच दंडात शिरली. रक्त बघून तो मटकन खाली बसला. मी बादली उचलली आणि मागच्या गटारात उपडी केली.

दंडाला रुमाल बांधून पुन्हा टेबलाशी आले. शून्य. मी 'अपघात' काढलं.

बाइंडर. हात.

एक लेख. यंत्र नाही, सुरी नाही. चार बोटं मुळाशी चिरडलेली. दुखापतीचं कारण या मथळ्याखाली एकच शब्द होता. पत्नी.

मला हसू आलं. मग मी पर्स उचलली.

मी घरी गेले नाही. तडक ताईकडे गेले, तिला काही विचारू नकोस म्हटलं आणि नवऱ्याला फोन केला. "मी ताईकडे आहे, माझ्याजवळ येऊ नकोस. तुझ्या हातांसाठी सांगतेय." मी रडत होते. असं ऐकल्यावर कुठला नवरा घरी बसेल? तासाभरात तो दारात हजर.

ताईने दार उघडलं. तिला बाजूला सारून मी ते बंद करायला ढकललं. जड सागवानी दार, खांदा लावला.

"अगं, ऐकून तर घे," तो बाहेरून म्हणाला.

मी सगळं अंग टाकलं.

दार लागेना. काहीतरी मध्ये होतं. मी आणखी जोर लावला.

कट्ट असा आवाज झाला, आणि लगेच दुसरा.

तो ओरडला नाही. ओरडली ताई.

ऑपरेशन संपवून तेच सर्जन बाहेर आले. "दोन बोटं वाचली. तुमचे तिन्ही लेख आधी वाचलेले होते म्हणून."

मी त्यांना एकही लेख पाठवला नव्हता.

"आणखी एक काम होतं," ते हातमोजे काढत म्हणाले. "घाई नाही, सवडीने बघा. शब्द दोनच ठेवा. बाइंडर आणि मान."

"बघते," मी म्हणाले. नोकरीची सवय, तोंडातून निघून गेलं.

काचेपलीकडे नवरा जागा झाला होता. मानेखालची उशी सरकली होती, ती नीट कर म्हणून तो डाव्या हाताने मला आत बोलावत होता.