करांगसेपीसारखं

पेकालोंगान शहरातल्या पूरनियंत्रण खात्याच्या कचेरीत खालचा मजला कुणी वापरत नसे. समुद्राचं पाणी आत येऊन येऊन फरशीवर शेवाळ धरलं होतं. माणसं रबरी बूट जिन्यापाशी काढून वर चढत. वुर्यानीचं टेबल वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी होतं, आणि सध्या तिच्यामागे एकच काम लागलं होतं. किनाऱ्यावरच्या सगळ्या पंपघरांतले संगणक एका सर्व्हरच्या ताब्यात आणायचे.

काम निकडीचं होतं. नाल्यातलं पाणी चढलं की पंपघरातला संगणक पंप सुरू करतो. पण प्रत्येक संगणक वेगवेगळ्या माणसाने आपापल्या अकलेने लावलेला. एक लवकर जागा होई, दुसरा उशिरा, आणि या वस्तीचं पाणी त्या वस्तीच्या घरांत शिरे. मागच्या मोठ्या भरतीत वुर्यानीची सासू अंथरुणातच बुडून गेली होती. आता तसलीच भरती पुन्हा येणार होती, आणि किनाऱ्यावरच्या एका पंपघरात तिचा नवरा लुहूर राखणीला होता.

सर्व्हरचं काम समजायला सोपं. पंपघर कसं असावं हे त्याच्यात एकदा लिहून ठेवायचं. मग प्रत्येक संगणक घडीघडीला त्याला विचारत राहतो, मी कसा असायला हवा? आणि कुठे फरक पडलेला दिसला, तर स्वतःच स्वतःला सरळ करतो. फक्त एक चांगला नमुना हवा. वुर्यानी खात्यात नवी होती, सगळी पंपघरं तिने पाहिली नव्हती. तिने करांगसेपी वस्तीतलं पंपघर निवडलं, कारण तिथून कधीच तक्रार आली नव्हती.

तिथल्या राखणदाराने, पाक मुक्रींनी, लगेच फोन उचलला. तिकडे पुरुषाला मानाने पाक म्हणत, बाईला बू.

"तुमच्या संगणकाची नक्कल घेते, पाक. सगळीकडे तीच लावायची आहे."

"घ्या की, बू." आवाज संथ होता, मागे पाण्याची खळखळ. "इथं काही बदलावं लागत नाही." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "सगळीकडे म्हणालात?"

"हो, सगळीकडे."

"बरं होईल. सोबत होईल."

एकटा माणूस आहे, कंटाळला असेल, असं तिला वाटलं.

दुपारपर्यंत एकूण एक पंपघर ताब्यात आलं. साहेब, पाक सुदिब्यो, तळलेल्या केळ्यांची बशी तिच्या टेबलावर ठेवून गेले. तिने पहिला घास घेतला आणि फोन वाजला. बंदराजवळच्या पंपघराचे राखणदार, पाक तार्मूजी होते.

"बू, आमच्या भिंतीला आतून ओल चढतेय. बाहेर तर ठणठणीत कोरडं आहे."

"पाइप फुटला असेल."

"त्या भिंतीत पाइपच नाही. बोट लावून चाखलं मी. खारट आहे."

तिने त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. थोड्या वेळाने तिनेच फोन करून ओल कशी आहे ते विचारलं.

"कसली ओल?" तार्मूजी म्हणाले. एरवी घाईघाईने बोलणारा माणूस, पण आता एकेक शब्द सावकाश येत होता. "इथं काही बदलावं लागत नाही, बू."

तिने आणखी एका पंपघरात फोन लावला. मग आणखी एका. माणसं वेगळी होती, वाक्य तेच होतं.

ती साहेबांकडे गेली. "करांगसेपीला कुणाला तरी पाठवा, पाक. नमुन्यातच काहीतरी बिघाड आहे."

"कुठे?"

"करांगसेपीला. पाक मुक्रींकडे."

सुदिब्योंनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला. ते तिला खिडकीशी घेऊन आले आणि फुटलेल्या बांधाच्या पलीकडे, लांब पाण्यात बोट दाखवलं. तिथे पत्र्याच्या छपराची एक गंजकी कड पाण्यावर दिसत होती. तिच्यावर बगळे बसले होते.

"मागच्या भरतीत बांध फुटला तेव्हा बुडालं ते पंपघर," ते म्हणाले. "मुक्रीला आम्ही खूप हाका मारल्या. तो बाहेर आला नाही."

वुर्यानी जागेवर आली. तिने नमुना पुसला आणि जुनी सेटिंग परत घातली. संगणकांनी ती घेतली, आणि बघता बघता एकेक करून टाकून दिली. तिने करांगसेपीचं नाव काढून टाकलं. ते पुन्हा आलं. शेवटी तिने सर्व्हरची वायरच भिंतीतून उपटली.

मग तिला आठवलं. सर्व्हर बंद पडला तरी संगणक थांबत नाहीत. शेवटचं जे सांगितलं गेलं, ते धरून राहतात. ही सोय तिनेच मुद्दाम ठेवली होती, भरतीत वीज गेली तर म्हणून.

तिने लुहूरला फोन लावला. त्याला ती लाडाने मास म्हणे.

"मास, पंपघरातून बाहेर ये. आत्ताच्या आत्ता."

"का? आज स्वयंपाक तू केलायस की काय? मग इथंच बरा आहे मी."

"चेष्टा नको. पायाशी काय आहे बघ."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"गार लागतंय," तो म्हणाला. "गुडघ्यापर्यंत आलंय."

"मास, ऐक माझं—"

"आईलाही असंच गार लागलं असेल, नाही?"

ती मोटारसायकलवर निघाली तेव्हा ऊन होतं. रस्ता कोरडा होता. बांधावर पोरं पतंग उडवत होती.

पंपघराचं दार आतून लावलेलं होतं.

तिने खिडकीच्या काचेला डोळे लावले. आत छतापर्यंत पाणी होतं. हिरवं, स्थिर. दाराच्या फटीतून थेंबही गळत नव्हता. लुहूर खुर्चीत पाठमोरा बसला होता, आणि त्याचे केस सावकाश हलत होते.

तिने दगड उचलून कडी तोडली.

आत कोरडं होतं. जमिनीवर धूळसुद्धा होती. लुहूरने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"कशाला एवढी धावत आलीस?" तो म्हणाला. "चल."

तिने त्याला घट्ट धरून घरी आणलं. गरम आल्याचं पाणी पाजलं, चटईवर निजवलं, अंगावर होतं नव्हतं ते पांघरूण घातलं. त्याचं अंग अजून गार होतं. पण तो घरी होता, आणि सध्या तिला तेवढंच पुरे होतं.

बाहेर भरती चढायला लागली होती. ती त्याच्याशेजारी आडवी झाली आणि तिने त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती वर येत होती, तो श्वास आत घेत होता.

तिने हात काढला नाही. मशिदीतून संध्याकाळची बांग झाली, शेजारच्या घरातून भाताचा वास आला, अंधार पडला.

तो अजून तोच श्वास आत घेत होता.