दोरीचं मोकळं शेपूट

"परकर सांभाळणार की दोरी?" खालच्या तळावर वाटाडे फिदीफिदी हसले. तिओफिलामावशीनं त्यांच्यादेखत आपला घेरदार परकर कमरेला खोचला. "वीस वर्षं तुमचं सूप ढवळलंय, मेल्यांनो. आज चूल तुम्ही बघा."

वाराकोल्लू डोंगराच्या पायथ्याशी रांधणाऱ्या आयमारा जमातीच्या तिघी बायका पहिल्यांदाच शिखरावर निघाल्या होत्या. दोरीवर पुढे मावशी, मधे थट्टेखोर रुफिना, शेवटी सेनोबिया. कोकाची पानं वाहून त्यांनी डोंगर-आजोबांची परवानगी मागितली, एकमेकींच्या गाठी तपासल्या. फक्त एक चूक सेनोबियानं मुद्दाम केली. शेवटच्या माणसामागे उरलेलं दोरीचं शेपूट गुंडाळून पिशवीत टाकायचं असतं. या डोंगरावर तर ते कुणी चुकूनही मोकळं ठेवत नाही. बर्फात मरून राहिलेले ते धरतात म्हणे. तिनं ते दहा हात मोकळं सोडलं.

कारण बर्फात तिचा बाप होता. अकरा वर्षांपूर्वी प्लासिदो एका परदेशी पाहुण्याला वर नेताना भेगेत गडप झाला. दोघंही सापडले नाहीत. सापडला तो दोरीचा तुकडा, टोक कापल्यासारखं. गावानं ठरवून टाकलं, जीव वाचवायला यानं पाहुण्याची दोरी कापली, म्हणून शापित होऊन बर्फात भटकतोय. शिखर गाठल्याशिवाय शापिताची सुटका नाही, आणि एकट्यानं त्याला ते गाठता येत नाही. मृतांच्या दिवशी मेलेल्याच्या नावानं मेजावर पाव मांडले की घरोघर लोक प्रार्थनेला जातात. प्लासिदोच्या मेजाशी अकरा वर्षांत कुणी फिरकलं नव्हतं. आई एकटीच बसायची.

उजाडलं तसं धुकं उतरलं. पुढची रुफिनाही दिसेना. नुसती दोरी धुक्यात शिरलेली. बर्फात काटेरी बुटांचा करकर आवाज. तिघी थांबल्या.

मागे आणखी एक करकर झाली. मग थांबली.

सेनोबियाच्या अंगावर सरसरून काटा आला. ओल्या लोकरीचा वास आला. कमरेशी दोरी हळूच ताणली गेली... मागून.

"बा?" ती पुटपुटली.

नुसता भार.

"काय गं, मागे बैल बांधलाय का?" पुढून रुफिना ओरडली. "ओढतेस किती!"

"चल तू..." सेनोबिया म्हणाली, "थांबू नकोस."

मागे वळून बघायची तिची छाती होईना. बा नसला तर? दुसरंच कुणी असलं तर? पिशवीत सुरी होती. एकदा हात तिकडे गेलाही. मग तिला आईचं ते रिकामं मेज आठवलं आणि तिनं दात आवळून पाऊल टाकलं. भार वाढतच गेला. शेवटच्या चढावर ती अक्षरशः रांगत होती, रडत होती, शिव्या देत होती.

आणि एकदम पायाखालचा चढ संपला.

दोरी हलकी झाली. धुकं फाटलं, लख्ख ऊन आलं, वाऱ्यानं तिन्ही परकर फडफडले. "पोचलो गं बायांनो!" मावशी किंचाळली. रुफिना बर्फात फतकल मारून हसत सुटली. सेनोबियानं धाडकन मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. बर्फात फक्त तिघींची पावलं.

शेपटाला मात्र गाठ होती. उलट्या हाताची, डावखुऱ्या प्लासिदोची; लहानपणी त्यानं तिला शिकवलेली. त्या गाठीमागे तीन हातांवर आणखी एक, वेडीवाकडी, नवशिक्याची.

"मावशी!" सेनोबियाचा आवाज फुटला. "बानं पाहुण्याला सोडलं नव्हतं! अजून धरून आहे बघ!"

मावशीनं दोन्ही गाठी बोटांनी चाचपल्या, डोळे पुसले. "यंदा मेज मांड पोरी. सगळ्यांत आधी मी येऊन बसणार. बघू कोण येत नाही ते."

"आणि त्या पाहुण्यालाही एक पाव ठेव," रुफिना म्हणाली. तिची थट्टा पार पळाली होती.

"आता ते शेपूट गुंडाळ," मावशी हळूच म्हणाली.

सेनोबिया गुंडाळत गेली. पहिली गाठ, दुसरी गाठ... आणि अगदी टोकाशी तिचा हात थबकला. तिथे तिसरी गाठ होती, अर्धीच घातलेली. ही कुणाची, ते तिघींपैकी कुणालाच ओळखता आलं नाही.

सेनोबियानं खालच्या धुक्याकडे पाहिलं. भीती वाटत होतीच, पण आज सेनोबिया जिंकली होती.

"पुढच्या खेपेला तुलाही नेईन," ती म्हणाली.

हातातल्या टोकाला एक हलका हिसका बसला.