तिच्या बसण्याची शांतता

दुपारी तीनला स्टुडिओत पोचले तेव्हा डब्यातली भाजी अजून कोमट होती. इतका साधा दिवस होता तो.

तोवर माझी नाट्यकारकीर्द म्हणजे तीन नाटकांत मिळून अकरा वाक्यं, त्यातली चार 'आले हं, बाईसाहेब'. लग्न ठरताना सासूबाईंनी सांगितलं होतं, सहा महिने कर काय करायचंय ते. जम बसला नाही तर ओळखीच्या ऑफिसात जागा आहे. पाच महिने संपले आणि हे बोलतं पुस्तक आलं. ते वाचणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्री शेवटचं प्रकरण राहिलेलं असताना वारल्या होत्या. तेवढं मी वाचायचं. आवाज जुळला तर पुढची तीन पुस्तकं माझी.

रेकॉर्डिस्टकाकांची एक रीत होती. वाचणाऱ्याला आत बसवून ते आधी एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करत. पुढे वाक्यांची कापाकापी झाली की मधल्या जागांत ती भरायची. रिकाम्या खोलीची शांतता चालत नाही म्हणे. माणूस बसलं की खोली वेगळी गप्प होते. त्या दिवशी मात्र त्यांनी माझं मिनिट घेतलं नाही. आधीच्या बाईंचं होतंच. तेच भरलं तर पुस्तक एकसारखं वाटेल, म्हणाले.

मी वाचलं. चुका दोनच झाल्या. अर्ध्या तासात काकांनी सगळं जोडून हेडफोन माझ्या हातात दिला.

माझं पहिलं वाक्य. मग शांतता. आणि दुसऱ्या वाक्याच्या अगदी आधी जीभ टाळूपासून सुटल्याचा बारीक आवाज, पाठोपाठ खोल श्वास. बोलायला निघालेल्या माणसाचा. तिसऱ्या वाक्याआधीही तेच. दर वेळी मी कुणाच्या तरी बोलण्यात तोंड घालत होते.

"हा माझा श्वास नाही, काका."

"बाईंचा आहे. त्या बसल्यात ना त्या मिनिटात..."

खात्रीसाठी त्यांनी मूळ मिनिट लावलं. आम्ही दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. त्यात श्वास नव्हता. एकसुद्धा.

काकांनी ते मिनिट बंद केलं. मग हळूच म्हणाले, "बस आत. तुझं घेऊ."

आत स्पंजच्या भिंती, एक दिवा, आणि खोकल्याच्या गोळीचा गोडसर वास. मघाशी तो नव्हता. मी उठून अर्धा तास होऊन गेला होता, तरी खुर्ची कोमट होती. मी मनात साठ मोजले आणि बाहेर आले. बाईंची शांतता पुसून काकांनी माझी भरली. पुन्हा ऐकलं, स्वच्छ. त्याच आठवड्यात पुढची तीन पुस्तकं माझी झाल्याचा निरोप आला.

सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, पट्टी बांधलेली. ऐकण्यावाचून त्यांना उद्योग नव्हता. रविवारी सकाळी मी ते प्रकरण त्यांच्यासाठी लावलं. पहिल्या पानाला आई घोरली तर मनावर घेऊ नकोस, असं नवऱ्याने आधीच बजावलं होतं.

"खोकला कुणाला झालाय?" सासूबाईंनी विचारलं. "गोळीचा वास येतोय."

कुणालाच झाला नव्हता.

त्या घोरल्या नाहीत. हातावर हात ठेवून शेवटपर्यंत ताठ बसल्या. संपल्यावर म्हणाल्या, ऑफिसातल्या जागेचं आता काढणार नाही. नवरा माझ्याकडे बघून हसला. याच वाक्यासाठी मी सहा महिने झुरत होते.

सासूबाईंनी चाचपत माझा हात धरला.

"फक्त एक सांगू? त्या दुसऱ्या बाईंनाही बोलू द्यायचं होतंस गं. किती वेळा तोंड उघडलं त्यांनी..."