लाल धाग्याचा डबा

गावच्या गरम कुंडात पोरं गळ्यापर्यंत बुडून बसली होती. वर काळोख, पाण्यावर वाफ. ब्रांडुरआजोबांनी ओलं टक्कल पुसलं.

"हसायचं तर आत्ताच हसून घ्या," ते म्हणाले. "ओरीला मी ओळखतो. त्याच्या तोंडून ऐकलंय, तसंच सांगतो."

गेल्या वर्षीची गोष्ट. मेंढ्या डोंगरावरून खाली आणतात, त्या शनिवारची रात्र. सगळा गाव नाचाला गेलेला. ओरी मात्र काखेत डबा मारून गरम माळाकडे निघाला. पहाटे त्याला राष्ट्रीय उद्यानात जायचं होतं, वरच्या उकळत्या झऱ्यांच्या दरीत. आदल्या वर्षी याच सुमाराला त्याचा थोरला भाऊ केटिल तिथेच गेला. पायाखालची माती फुटली, आत उकळतं पाणी. सापडला तो फार उशिरा. रात्रीच कुणी शोधायला निघालं असतं तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. आईने विणलेल्या निळ्या स्वेटरात त्याला पुरलं.

आपली पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. वर जाणारा काळ्या पावाचं मळलेलं पीठ डब्यात भरून गरम जमिनीत पुरतो, तिथे पाव आपोआप भाजतो. मागे राहणारा आपल्या स्वेटरचा धागा काढून डब्याला बांधतो. दुसऱ्या रात्री डबा त्यानेच उकरायचा. गेलेला तोवर परतला नसेल, तर त्यानेच गाव उठवायचा. धागा बांधला म्हणजे शब्द दिला.

केटिलने डबा पुरलाच नाही, कुणाला सांगितलंच नाही, असं सगळे म्हणत. ओरी तेव्हा मासेमारीच्या बोटीवर होता. वर्षभर तो भावावर दात खाऊन होता. थडग्यापाशी जाऊन शिव्या घालायचा. "कुणाला तरी सांगून जायचंस ना, गाढवा!" आणि मग तिथेच बसून रडायचा.

त्या दुपारी केटिलचा जिवलग मित्र सिंद्री ओरीच्या स्वयंपाकघरात आला. टेबलावर नकाशा पसरून दोघांनी बेत ठरवला.

"नदी वरच्या अंगाने ओलांड. पांढरी माती दिसली की पाऊल टाकू नकोस."

"तूच चल की बरोबर."

"गुडघे दुखतात रे."

"नाचताना बरे दुखत नाहीत!"

सिंद्री हसला. लाल स्वेटरच्या बाहीतून धागा ओढून त्याने ओरीच्या डब्याला बांधला. "मी काढीन तुझा पाव. भावासारखं करू नकोस. निदान मला तरी सांगायचं होतं त्याने..."

त्याचे डोळे भरून आले. ओरीने त्याला मिठी मारली.

"तू हो पुढे," रात्री निघताना सिंद्री म्हणाला. "मी जीपमधून फावडं घेऊन येतो."

माळावर वाफ दाट होती. ओरीने बॅटरी मारली. टोकाच्या काळ्या दगडापाशी कुणीतरी उभं होतं. पाठमोरं.

"आलास पण? कुठून आलास रे?"

तो दगडाच्या आणखी जवळ सरकला.

"ए सिंद्री! तिकडे जमीन फार तापते."

तो माणूस खाली वाकला. जमिनीवर हात ठेवला. तसाच राहिला.

"सिंद्री...?"

मागून रस्त्यावर जीप थांबली. दार वाजलं.

"ओरी! फावडं आणलंय!"

सिंद्रीचा आवाज. मागून.

ओरीने परत बॅटरी मारली. दगड. वाफ. बाकी कुणी नाही.

तो धावत दगडापाशी गेला. गुडघ्यांवर बसला. हातांनीच उकरू लागला. बोटं भाजली. थांबला नाही. खाली पत्रा लागला.

डबा. तारेने बांधलेला. झाकणावर खिळ्याने कोरलेली मेंढी... केटिलची खूण.

कडीला धागा होता. विटलेला. पण लाल.

सिंद्री येऊन उभा राहिला. फावडं हातातून पडलं.

"हा तुझा..."

"ओरी, ऐक..."

"तुला माहीत होतं."

"डबा काढायच्या रात्रीच नाच होता. मी प्यायलो होतो. वाटलं, येईल की तो... मग सकाळ झाली. मग कुठल्या तोंडाने सांगू?"

"वर्षभर मी त्याला शिव्या देतोय. तू ऐकत होतास. शेजारी उभा राहून."

सिंद्रीने तोंड फिरवलं.

"बोल ना!"

"हा डबा मी किती वेळा शोधला, ओरी... याच दगडाखाली. कधी सापडला नाही."

ओरीने तार सोडली. आत पावाचा नुसता कोळसा.

मग त्याने आपल्या डब्याचा लाल धागा दातांनी तोडला. सिंद्रीच्या पायाशी टाकला. डबा तिथेच पुरला, धाग्याशिवाय. आणि पहाटे निघाला. एकटा. दुसऱ्या कुणालाच न सांगता.

आजोबा थांबले. पाणी हलत नव्हतं.

"मग? परत आला का तो?"

"आला. दुसऱ्या रात्री. घरी कुणी नव्हतं. सिंद्री तर सकाळीच गाव सोडून गेला होता. ओरीच्या दारात, पायरीवर, डबा ठेवलेला होता. उकरून, पुसून. हात लावला तर चटका बसला."

"कुणी काढला?"

आजोबा कुंडातून उठले. टॉवेल खांद्यावर घेतला.

"कडीला धागा बांधला होता. निळा. ओला. ओरीने तो चुलीवर टांगलाय, त्याला वर्ष झालं. परवाच मी बोटात धरून पाहिला..."

त्यांनी बोटं एकमेकांवर चोळली.

"अजून वाळलेला नाही."